वळणावरचं कपाट

खालची खोली आत्याला मिळाली तेव्हापासून काका आत्याशी बोलत नव्हता. म्हणजे बोलायचा, पण भिंतीकडे बघून. "कुणीतरी माझ्या वजनाच्या प्लेटा कोपऱ्यात ढकलल्यात," असं एका भिंतीला सांगायचा. मग आत्या समोरच्या भिंतीला सांगायची, "कुणीतरी त्या लोकांच्या पायात येतील अशा टाकू नयेत." मध्ये बिचारे बाबा. दोघांना 'हो हो' म्हणून म्हणून त्यांची मान ढिली व्हायची वेळ आली होती.

रविवारी सकाळी आत्याचं लोखंडी कपाट खाली न्यायचं ठरलं. ट्यूशनचा क्लास सुरू व्हायचा होता, आणि कपाटाशिवाय क्लास कसला, असं आत्याचं म्हणणं. आता ज्या घराचा धंदाच लोकांचं सामान हलवायचा, त्या घराला एक कपाट जिन्यावरून उतरवायला किती वेळ लागावा? पण लोकांचे पियानो गच्चीवर चढवणारी ही माणसं स्वतःच्या घरातलं स्टूल उचलायचं म्हटलं तरी आधी यथासांग भांडण करायची.

"रिकामं करा ते आधी!" आजोबा खालून, खुर्चीतून ओरडले.

"अण्णा, पुस्तकंच आहेत," आत्यानं वरून आपल्या बापाला सांगितलं.

"पुस्तकंच! अगं, हयात गेली माझी यात. गिऱ्हाईक म्हणालं ना, 'काही नाही हो, थोडी पुस्तकं आहेत,' की समजावं, आज कंबर गेली."

"क्रेन आहे की," काका म्हणाला.

झालं. क्रेन आहे की. या तीन शब्दांवर हे घर चाललं होतं.

क्रेन म्हणजे बाबांची पोरगी. लहानपणी भरलेला सिलिंडर मिठी मारून उचलला आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, तेव्हापासून हे नाव चिकटलं. आता ती कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती, वेटलिफ्टिंग करायची, आणि जिथे जड बाजू असेल तिथे तिला न विचारता उभं केलं जायचं. काका तिचा कोच. आत्या तिची मास्तरीण. सकाळ काकाची, संध्याकाळ आत्याची, मधलं कॉलेज कॉलेजचं. तिचं स्वतःचं म्हणाल तर बसमधली खिडकीची जागा, तीही मिळाली तर.

तर कपाट आडवं झालं. वरच्या टोकाला बाबा आणि आत्या, खालच्या टोकाला काका आणि क्रेन. आत्याचं वय झालं होतं पण हात या घरचेच. एके काळी सोफा एकटीनं फिरवायची. जिन्यावर वजन खालच्या बाजूला उतरतं, हे काय सांगायला हवं? क्रेननं गुडघे वाकवले, पाठ सरळ केली, आणि कपाटाची थंडगार कड तिच्या तळहातावरच्या जुन्या घट्ट्यांवर बरोबर बसली.

"उचला!"

दोन पायऱ्या झाल्या असतील नसतील.

"चौथा चाप्टर झाला का गं?" वरून आत्या.

क्रेनला आधी खरंच वाटेना. "आत्या, कपाट आहे माझ्या हातात."

"हातात आहे ना? डोकं रिकामंच आहे की. स्टॅटिस्टिक्स काय हातानं करतात?"

"कुणीतरी पोरीला श्वास घेऊ द्या," काका भिंतीला म्हणाला. मग लगेच तिच्याकडे वळून, "तू खांदे वर घेऊ नकोस. निवडीच्या ट्रायलला असे खांदे आले ना तर वजनाचा बार डोक्यात पडेल. आणि सकाळी काय खाल्लंस? वजन केलंस का?"

"नाही केलं."

"का नाही केलं?"

"उलटी झाली म्हणून नाही केलं!"

"मग तर कमीच भरलं असतं," काका खूश होऊन म्हणाला. "करायचं होतंस."

क्रेननं डोळे मिटले. उलटी आज पहिल्यांदा झाली नव्हती. हल्ली ब्रश तोंडात घातला की पोटातून वर यायचं. आईनं पित्तावरच्या गोळ्या आणून दिल्या होत्या, त्या संपल्याही. पित्त असतं तर गेलं असतं. हे वेगळंच काहीतरी होतं. बारपुढे उभी राहिली की डोळ्यांसमोर फॉर्म्युले नाचायचे, आणि पेपर पुढ्यात आला की कागदावर बार आडवा दिसायचा. पुस्तकाचं एकच पान उघडायची, एकच ओळ वाचायची, आणि ती ओळ डोक्यात न शिरता दारातूनच परत जायची. परवा प्रॅक्टिसला एक बूट घालून झाला, आणि दुसरा हातात घेऊन ती तशीच बाकावर बसून राहिली. रडत नव्हती. काहीच नव्हती. शेवटी गोळाफेकवाली मैत्रीण आत आली, तिनं तो बूट तिच्या पायात घातला, नाडी बांधली आणि म्हणाली, "ए, तू शुक्रवारच्या बाईंकडे जा. मी जाते. त्या उगाच शहाणपण शिकवत नाहीत गं. ऐकतात."

कॉलेजात त्या बाई फक्त शुक्रवारी यायच्या, मुलांशी बोलायला. क्रेननं नाव लावलं. पहिला शुक्रवार काकाच्या जादा प्रॅक्टिसनं खाल्ला. दुसरा आत्याच्या टेस्टनं. येत्या शुक्रवारी मात्र आभाळ कोसळलं तरी जायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. गुरुवारी पेपर आणि राज्याच्या टीमची ट्रायल एकाच वेळी येऊन आदळले होते. त्याचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. पण गुरुवारचं काहीही होवो, शुक्रवार होता ना? त्या एका शुक्रवारावर ती आठवडा ढकलत होती.

कपाट वळणाशी आलं. जिन्याचं वळण म्हणजे जेमतेम एक माणूस अंग चोरून उभा राहील एवढं. इथून कपाट फिरवायचं म्हणजे खालच्यांनी पूर्ण भार घ्यायचा आणि वरच्यांनी फक्त दिशा दाखवायची. वरच्यांना दिशा दाखवायची हौस दांडगी.

"डावीकडे," आत्या म्हणाली.

"कुणाच्या डावीकडे?" काकानं भिंतीला विचारलं. "आणि कुणाला सांगायचं असेल तर सांगून ठेवा, की पोरीला आता चौथ्या-पाचव्या चाप्टरनं छळू नका. गुरुवारचं टेन्शन मिटलंय."

"मिटलंच आहे," आत्या कठड्याला म्हणाली. "मीच मिटवलंय."

काकाची मान भिंतीवरून सुटली आणि कित्येक दिवसांनी सरळ बहिणीकडे वळली. "तू? तू काय मिटवलंस?"

"तिच्या सरांना भेटले. त्यांची लॅब दुसऱ्या इमारतीत हलवायचीय, म्हटलं आपली माणसं येतील, बाटली फुटणार नाही. तिचा पेपर एकटीचा वेगळा घेतायत. गुरुवारी खुशाल तुझी ती ट्रायल दे म्हणावं. मला काय तुझ्यासारखं एकच दिसतं?"

"वेगळा म्हणजे कधी?"

"शुक्रवारी."

काकानं कपाटाची कड उगाचच पुन्हा चाचपली. काका असं करायला लागला की समजावं, कुठेतरी काहीतरी फुटलंय.

"अरे, काय झालं?"

"ताई," काका हळूच म्हणाला, "सिलेक्टर साहेबांचा फ्रीज मी स्वतःच्या पाठीवर चौथ्या मजल्यावर नेला. लिफ्ट बंद होती. त्यांना म्हटलं, पोरीचा पेपर आहे गुरुवारी, तेवढं बघा. त्यांनी तिच्या वजनगटाची ट्रायल एक दिवस पुढे ढकलली."

"एक दिवस पुढे."

"शुक्रवारी."

कपाट चौघांच्या हातात लटकत होतं. क्रेनच्या दंडातून कळ निघून मानेपर्यंत गेली. लोकांचं सामान हलवता हलवता या लोकांनी तारखासुद्धा हलवल्या. आणि दोन्ही नेऊन ठेवल्या कुठे? तर घरात एकच मोकळा कोपरा होता, तिथे.

"मला सांगायचंस तरी!" आत्या.

"तू बोलत होतीस का माझ्याशी? मी दादाला सांगितलं होतं."

"दादाला तर मीपण सांगितलं होतं!"

आता सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा कपाटाआड होते. दिसत होतं ते फक्त टक्कल, आणि तेही लाल होत चाललं होतं.

"मला वाटलं," टकलाखालून आवाज आला, "तुम्ही दोघं एकमेकांशी बोलाल."

"तू दोघांना 'हो हो, छान' म्हणालास!"

"मग छानच होतं की. वेगवेगळं ऐकलं तर दोन्ही छानच होतं."

"दादा, तुझ्या या 'हो हो'नं घर बुडेल एक दिवस! बरं, आता ट्रायल सोडायची. पेपर पुन्हा मिळत नाही."

"पेपर दर वर्षी मिळतो! राज्याची टीम दर वर्षी मिळते का? मी चार वर्षं घासली, मला मिळाली?"

"तुला नाही मिळाली म्हणून तिच्या डोक्यावर का?"

"आणि तुला प्राध्यापक नाही होता आलं ते कुणाच्या डोक्यावर ठेवलंयस? तिच्याच ना?"

"क्रेन, तूच सांग याला!"

"सांग, सांग हिला!"

"ठेवा," क्रेन म्हणाली.

मोठ्यानं नाही म्हणाली. पण सगळे असे दचकले, जसं काही कपाटातून कुणी बोललं.

या घरात एक नियम होता, आणि तो आजोबांचा होता. ओझं उचललेल्या माणसांपैकी कुणीही 'ठेवा' म्हटलं, की जिथे असाल तिथे ठेवायचं. कोण म्हणालं, का म्हणालं, ते नंतर. आणि ज्यानं ठेवा म्हटलं, त्यानं 'उचला' म्हटल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. आजोबांच्या उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नसत. त्यांचा सख्खा भाऊ एकदा हात सुटत असताना लाजेनं बोलला नव्हता, त्यात ती बोटं चिरडली. तेव्हापासून नियम. सगळे कधी ना कधी ठेवा म्हणाले होते. बाबा तर दर दुसऱ्या जिन्याला म्हणायचे. क्रेन मात्र कधीच नाही. तिचा तो मान होता.

कपाट वळणावर टेकलं. भिंतीला घासून, कठड्याला अडकून, असं बसलं की जिन्याला बूच लागलं. वर बाबा, आत्या आणि स्वयंपाकघरातली आई. खाली काका, आजोबा आणि क्रेन. मध्ये फक्त कपाट आणि भिंतीमधली फट.

क्रेन पायरीवर बसली. तळहात उघडून बघितले. कडेची लाल रेघ उमटली होती.

"काय झालं? पाठ गेली?" काका घाबरला. "कुठे दुखतंय? शुक्रवारी..."

"शुक्रवारचं नाव काढू नकोस, काका."

"अगं पण..."

"मला दोन्ही द्यायचं नाही शुक्रवारी. पेपर नाही, ट्रायल नाही."

आता काय व्हावं? जी दोन माणसं इतके दिवस भिंतींशी बोलत होती, ती एका दमात एकत्र आली.

"बघितलंस, ताई? डोक्यात हवा गेलीय."

"हवा कसली, आळस आहे नुसता. मोबाईल काढून घे तिचा."

"घेतो. तू वरून चार्जर घे."

"वा," क्रेन म्हणाली. "छान. मी पडले तर तुमचं जमतं म्हणजे. आधी सांगितलं असतंत तर केव्हाच पडले असते."

काकानं बाह्या सरसावल्या. "चल, ऊठ. हे खाली नेऊ, मग बोलू. दादा, धर वरून."

"हात लावू नकोस!" आजोबांची काठी फरशीवर आपटली. "तिनं उचला म्हटलंय का?"

"अण्णा, हिचं कपाटाचं दुखणं नाहीये. ही दुसऱ्याच कारणानं..."

"मी कारण विचारलं? नियमात कारण आहे? मला तुमच्या ट्रायलातलं काही कळत नाही, नि ऐकूही अर्धंच येतं. ठेवा म्हटलं, ते ऐकलंय मी."

काका एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. मग परत पहिल्या पायावर.

"अण्णा, पण मला वर जायचंय."

"कशाला?"

"आता सगळंच सांगायला पाहिजे का? संडास वर आहे ना आपला!"

वरून आत्याला हसू फुटलं, तिनं ते खोकल्यात दडवलं. तेवढ्यात फटीत आई दिसली. म्हणजे आईचा एक डोळा आणि अर्धं कपाळ दिसलं. आणि त्याखाली कणकेचं फडकं धरलेला हात.

"काय आहे गं शुक्रवारी?" आईनं विचारलं.

बास, एवढंच. सकाळपासून एवढ्या माणसांनी एवढा गलका केला होता, त्यात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. क्रेन पायरीवरून सरकून फटीजवळ गेली.

"कॉलेजात एक बाई येतात," ती फटीला म्हणाली. "बोलायला."

"कुणाशी?"

"माझ्याशी. कुणाशीही. ज्याला झोप येत नाही त्याच्याशी."

वरच्या नळाचं पाणी बादलीत पडत होतं.

"म्हणजे वेड्यांच्या डॉक्टर?" काका म्हणाला.

"भावजी, तोंड सांभाळा," आई म्हणाली. काकाला आईनं असं कधी म्हटलं नव्हतं. "झोप येत नाही, हे मला नाही सांगितलंस."

"उलट्या होतायत सांगितलं होतं. तू गोळ्या आणल्यास."

आईचा डोळा फटीतून हलला नाही. फक्त फडकं हातात घट्ट झालं.

"अगं पण बोलायला मी आहे की!" आत्या म्हणाली. "घरात एवढी माणसं असताना परक्या बाईशी..."

"तुम्ही बोलता, आत्या. सगळेच बोलता. तू बोललीस की मला पेपर दिसतो, काका बोलला की बार दिसतो. मी एक बूट घालून बसून राहते, आत्या. दुसरा घालावासा वाटत नाही. उठावंसंच वाटत नाही. हे कुणाला सांगू? तुला सांगितलं तर म्हणशील खेळ सोड. याला सांगितलं तर म्हणेल अभ्यास सोड. मला दोन्ही सोडायचं नाहीये! मला फक्त कुणीतरी..." पुढचं तिला सापडेना. "शुक्रवार माझा होता. घरात एक दिवस माझा होता, तोसुद्धा तुम्ही सामानानं भरलात."

आत्या कठड्याला टेकली. काकानं सवयीनं भिंतीकडे तोंड केलं, आणि मग परत क्रेनकडे वळवलं.

"शुक्रवारी मी सोडतो तिला," बाबा कपाटामागून म्हणाले. "टेम्पोनं. नि बाहेर थांबतो."

"दादा, पण शुक्रवारी लॅबचं काम..."

"नाही," बाबा म्हणाले.

आत्यानं त्यांच्याकडे असं बघितलं, जसं टेम्पोनं हॉर्न द्यायच्या ऐवजी गाणं म्हटलं. बाबा 'नाही' म्हणाले होते. घरात हा शब्द आहे हे त्यांना माहीत तरी होतं का, कुणास ठाऊक.

"ते सगळं खरं," काका रडकुंडीला येऊन म्हणाला, "पण आत्ता माझं काय? क्रेन, बाई, उचला म्हण. माझं ऐक, पाया पडतो."

"आत्ता नाही. मी दमलेय."

"मग कधी?"

क्रेननं विचार केला. खरंच केला; इतक्या दिवसांनी कुणी तिला एखाद्या गोष्टीची तारीख विचारत होतं.

"शनिवारी," ती म्हणाली.

"शनिवा..." काकाचा आवाज चिरकला. "आठवडाभर जिन्यात कपाट?"

"अण्णा!" आत्या वरून ओरडली. "माझा क्लास आहे उद्यापासून!"

"मी काय करू?" आजोबा म्हणाले. "तिनं ठेवलंय." आणि त्यांनी वाकडी बोटं काठीवर नीट मांडून डोळे मिटले.

मग टेम्पोवरची शिडी आली. ती मागच्या बाजूनं स्वयंपाकघराच्या खिडकीला लागली. काका तीन पायऱ्या चढला आणि शिडी हलली.

"धर गं नीट!"

"धरते. आधी फोन लाव."

"आत्ता? या अवस्थेत?"

"शुक्रवारी मी नाही येणार, हे तुझ्या साहेबांना तू सांगायचंस. तारीख तू हलवलीस, मी नाही."

काकानं शिडीवर लटकून, एका हातानं फोन लावला. "साहेब, मीच... फ्रीज बरा आहे ना? ... नाही, ती आपली ट्रायल... परत गुरुवारी नाही का... बरं. ... बरं, साहेब." त्यानं फोन खिशात घातला. खाली बघितलं नाही. "नाही जमणार म्हणतात. सारख्या तारखा हलवायला ती काय खुर्ची आहे, म्हणाले. शुक्रवारी नाही, तर यंदा नाही."

यंदा नाही. म्हणजे पहाटेची ती सगळी प्रॅक्टिस, ते मोजून खाणं, तो घाम. क्रेननं वाट बघितली, आता वर येईल, आता उलटी होईल. शिडीच्या दोन्ही दांड्या तिनं घट्ट धरून ठेवल्या. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायला हात मोकळा नव्हता, तर तिनं ते तसंच वाहू दिलं. उलटी मात्र नाही झाली.

"काय सांगू त्यांना?" काकानं विचारलं. आवाज कोचचा नव्हता. चार वर्षं घासूनही टीमबाहेर राहिलेल्या माणसाचा होता. "रडतेयस का? अजून सांगता येईल, आम्ही शुक्रवारी येतो म्हणून. तुझ्यावर आहे."

"यंदा नाही म्हणून सांग."

तो बराच वेळ शिडीवर उभा राहिला. त्याच्या सध्याच्या स्थितीत बराच वेळ म्हणजे फारच बराच. मग त्यानं पुन्हा फोन काढला. वरच्या खिडकीतून आत्याचाही आवाज येत होता, ती सरांना सांगत होती, "पेपर परत गुरुवारीच... नाही सर, लॅब हलवू आम्ही, तो प्रश्न नाही... हो, पण ती मुलगी आहे, कपाट नाही..."

काका खिडकीपाशी पोचला. आईनं दार उघडावं तशी खिडकी उघडली, पायपुसणं आणून चौकटीवर टाकलं, आणि शिडीच्या टोकाला लटकलेल्या दिराकडे बघत शांतपणे म्हणाली, "भावजी, पाय पुसून या. आणि आता शनिवारपर्यंत आपलं दार हेच."